आकार बोलू लागले

मुलांनो, तुम्ही ठाणे, मुंब्रा, कल्याण किंवा डोंबिवली येथे राहत असाल, तर लोकलने नक्कीच प्रवास केला असेल. गाडी फलाटावर येते आणि लोकांची धावपळ सुरू होते. त्या गडबडीत पाटी वाचायला कोणाला वेळ असतो? तरीही पहिल्या वर्गाचा डबा लोक दुरूनच ओळखतात, कारण त्यावर तिरपे पट्टे रंगवलेले असतात. दिव्यांगांच्या डब्यावर चाकाच्या खुर्चीचे चित्र असते. ते पाहिले की अक्षरओळख नसलेल्या माणसालाही अर्थ कळतो.

आता निवडणुकीचे दिवस आठवा. नाक्यानाक्यावर पक्षांची चिन्हे दिसू लागतात. मतदान यंत्रावरही उमेदवाराच्या नावासमोर त्याचे चिन्ह असते. असे का बरे? १९५१ च्या जनगणनेनुसार भारतात १०० माणसांपैकी सुमारे १८ जणांनाच लिहिता-वाचता येत होते. त्याच सुमारास, १९५१-५२ मध्ये, आपल्या देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. ज्यांना नाव वाचता येत नव्हते, त्यांनाही मत देता यावे म्हणून चिन्हे आली. घरी आजी-आजोबांनाही विचारा. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर त्यांनी उलटा लाल त्रिकोण पाहिलेला असेल. ती कुटुंब नियोजनाची खूण होती. त्या त्रिकोणात ना माणसाचे चित्र, ना घराचे. तरी त्याचा अर्थ खेड्यापाड्यांत पोहोचला.

साध्या आकारांची ही ताकद एका चित्रकाराने १०० वर्षांपूर्वीच ओळखली होती. त्यांचे नाव एल लिसित्स्की. त्यांचीच ही गोष्ट आहे.

लिसित्स्की यांचे मूळ नाव लाझर. त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८९० रोजी रशियातील स्मोलेन्स्क प्रांतात, पोचिनोक या गावी झाला. त्यांचे कुटुंब ज्यू होते. लाझरचे बालपण वितेब्स्क या शहरात गेले. हे शहर आता बेलारूस देशात आहे. वितेब्स्कजवळून द्विना नदी वाहते आणि तिथे अनेक रेल्वेमार्ग एकत्र येतात. आपल्या कल्याणला उल्हास नदीची खाडी आहे आणि कसारा व कर्जत या दोन वाटा तिथेच फुटतात. म्हणजे कल्याणच्या मुलाला वितेब्स्क अगदीच परके वाटू नये.

लाझरची आणखी एक गोष्ट तुम्हांला आपलीशी वाटेल. ज्यू लोकांच्या घरांत यिद्दिश भाषा बोलली जाई. ती हिब्रू अक्षरांत, उजवीकडून डावीकडे लिहितात. बाहेरच्या जगाची भाषा मात्र रशियन. ती डावीकडून उजवीकडे लिहितात. तुम्ही उर्दू उजवीकडून वाचता आणि मराठीचे पुस्तक उघडले की डावीकडून सुरुवात करता. लाझरच्या डोळ्यांनाही अशा दोन्ही वाटांची सवय झाली. अक्षर हे आधी एक चित्र असते आणि मग त्याचा आवाज होतो, हे दोन लिप्या शिकणाऱ्या मुलाला लवकर उमगते.

लाझरला चित्रांची फार आवड होती. वितेब्स्कमध्ये येहूदा पेन नावाचे एक चित्रकार होते. वयाच्या तेराव्या वर्षी तो त्यांच्याकडे चित्रकला शिकू लागला. पंधराव्या वर्षी तर तो स्वतःच इतरांना शिकवू लागला. १९०९ मध्ये त्याने राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथील कला अकादमीत प्रवेशासाठी अर्ज केला. पण त्याला प्रवेश मिळाला नाही. त्या काळी झारच्या राज्यात ज्यू विद्यार्थ्यांसाठी मोजक्याच जागा ठेवलेल्या असत. मुलगा कितीही हुशार असला, तरी त्याच्या नावापुढे ज्यू हा शब्द आला की दार बंद होई.

लाझर खचला नाही. तो जर्मनीत गेला आणि डार्मश्टाट शहरात वास्तुशास्त्र शिकू लागला. इमारतीचा आराखडा काढताना रेषा, कोन, चौकोन आणि वर्तुळ यांच्याशी त्याची दोस्ती झाली. १९१२ मध्ये त्याने पायी प्रवास केला. इटलीत तो १२०० किलोमीटरहून अधिक चालला आणि जुन्या इमारतींची चित्रे काढत राहिला. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा त्याला मायदेशी परतावे लागले. उरलेले शिक्षण त्याने मॉस्कोत पूर्ण केले.

१९१७ मध्ये रशियात क्रांती झाली. झारची सत्ता गेली आणि ज्यूंवरची बंधनेही कायद्याने उठली. ज्याच्यासाठी दारे बंद होती, त्या तरुणाला नवे जग उघडल्यासारखे वाटले तर नवल नाही. लिसित्स्की यांनी मनापासून क्रांतीची बाजू घेतली. याच काळात त्यांनी यिद्दिश भाषेतील मुलांच्या पुस्तकांसाठी सुंदर चित्रे काढली. त्यांतील शेळीच्या पिल्लाचे पुस्तक आजही प्रसिद्ध आहे.

१९१९ मध्ये मार्क शागाल या चित्रकारांनी लिसित्स्की यांना वितेब्स्कला बोलावले. शागालही येहूदा पेन यांचेच विद्यार्थी. ते तेथील नव्या कलाशाळेचे प्रमुख होते. लिसित्स्की तेथे छपाई आणि वास्तुकला शिकवू लागले. काही महिन्यांनी त्यांच्याच पुढाकाराने काझिमीर मालेविच हे चित्रकार शाळेत आले. मालेविच यांची चित्रे पाहून लोक चकित होत. त्यांत माणूस नसे, झाड नसे, घर नसे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर एखादा काळा चौकोन किंवा काही रंगीत पट्टे, इतकेच. आकार आणि रंग यांनाच काही सांगू द्यावे, असे त्यांचे मत होते.

लिसित्स्की यांना हा विचार पटला. १९२० मध्ये या मंडळींनी एक गट स्थापन केला. गटातील विद्यार्थी आपल्या बाहीवर काळा चौकोन शिवून घेत. चित्रे केवळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यात टांगायची नाहीत, ती रस्त्यावर आणायची, असे त्यांनी ठरवले. वितेब्स्कच्या भिंतींवर चौकोन आणि वर्तुळे झळकू लागली. कामगारांनी कारखान्यांत परत यावे, असे सांगणारा एक मोठा फलकही लिसित्स्की यांनी रस्त्यासाठी तयार केला. त्यावरही आकारांचाच खेळ होता.

तेव्हा देशात यादवी युद्ध पेटले होते. एकीकडे क्रांती करणाऱ्यांचे लाल सैन्य, तर दुसरीकडे त्यांचे विरोधक. त्या विरोधकांना पांढरे म्हणत. आघाडी वितेब्स्कपासून फार दूर नव्हती. सैन्यात शेतकऱ्यांची मुले होती. १८९७ च्या जनगणनेत रशियन साम्राज्यातील १०० लोकांपैकी सुमारे २१ लोकच साक्षर आढळले होते. मग लांबलचक पत्रके वाचणार कोण? म्हणून भित्तिपत्रकांना महत्त्व आले. बहुतेक चित्रकार त्यांवर धिप्पाड सैनिक, लठ्ठ सावकार, तुटलेल्या बेड्या अशी चित्रे काढत. लिसित्स्की यांनी वेगळी वाट धरली.

१९१९-२० मध्ये त्यांनी एक भित्तिपत्रक तयार केले. मुलांनो, ते डोळ्यांसमोर आणा. कागदाचे तिरपे दोन भाग पडले आहेत. एक भाग पांढरा, दुसरा काळा. काळ्या भागात एक मोठे पांढरे वर्तुळ आहे. डावीकडून एक लाल त्रिकोण येतो आणि त्याचे टोक थेट त्या वर्तुळात घुसते. आजूबाजूला लहान लहान तुकडे उडालेले दिसतात. चित्रात अवघे चार रशियन शब्द विखुरलेले आहेत. लाल पाचरीने पांढऱ्यांना हाणा, असा त्यांचा अर्थ आहे.

पाचर तुम्हांला माहीत असेल. लाकडाचा जाड ओंडका फोडायचा असला, की त्याच्या फटीत लाकडाची किंवा लोखंडाची पाचर ठोकतात. पाचर लहान असते, पण तिचे टोक आत शिरले की ओंडका दुभंगतो. रशियातील शेतकऱ्यालाही पाचर रोजच्या कामातून ठाऊक होती. त्यामुळे त्रिकोण पाहताच त्याला घाव आठवत असणार.

हे चित्र इतके परिणामकारक का आहे, ते स्वतः करून पाहा. लाल कागदाचा एक लांबट त्रिकोण कापा आणि पांढऱ्या कागदाचे एक वर्तुळ. दोन्ही आकार काळ्या कागदावर दूर दूर ठेवा. काहीच घडत नाही. आता त्रिकोणाचे टोक वर्तुळाकडे वळवून थोडे जवळ आणा. लगेच मनात काळजी उभी राहते. टोक वर्तुळाला टेकवा. काळजी वाढते. मग टोक वर्तुळाच्या आत सरकवा. हल्ला झाला! तुम्ही फक्त दोन कागद हलवलेत, तरी एक लढाई दिसली. वर्तुळ सगळीकडून बंद आणि स्थिर वाटते. त्रिकोणाच्या टोकाला दिशा असते. उभी-आडवी रेषा शांत वाटते, तिरपी रेषा धावती वाटते. लिसित्स्की यांनी याच गुणांचा उपयोग केला. शिवाय पांढऱ्या कागदावर लाल आणि काळी अशा दोनच शाया पुरत होत्या.

आणखी एक गंमत पाहा. रशियन वाचणाऱ्याची नजर डावीकडून निघते. म्हणजे ती पाचरीबरोबर पुढे जाते आणि वर्तुळावर आदळते. पण उर्दू किंवा यिद्दिश वाचणाऱ्याची नजर उजवीकडून निघाली, तर तिला आधी वर्तुळ भेटते आणि समोरून पाचर अंगावर येताना दिसते. चित्र एकच, पण एकाला आपण मारणारे आहोत असे वाटते, तर दुसऱ्याला आपल्यावर घाव येत आहे असे वाटते.

इथे जरा थांबून विचार करा. त्या पांढऱ्या वर्तुळाला चेहरा नाही. खऱ्या युद्धात मात्र पांढऱ्यांच्या बाजूलाही माणसेच होती. कोणाचा मुलगा होता, कोणाचा बाप होता. काही घरांत तर एक भाऊ लाल सैन्यात आणि दुसरा पांढऱ्या सैन्यात होता. दोन्ही बाजूंनी क्रूर कृत्ये झाली. हे सारे वर्तुळात दिसत नाही. चित्र जितके सोपे, तितके ते लवकर कळते. पण तितकेच ते गाळूनही टाकते. शत्रू कोण, हे आकार क्षणात सांगतो. तो शत्रू का, हे तो सांगत नाही.

नुसत्या आकारांतून सामान्य माणसाला काय कळणार, असा आक्षेप त्या काळीही घेतला गेला. लिसित्स्की आपल्या वाटेवर चालत राहिले. त्यांनी मुलांसाठी दोन चौकोनांची गोष्ट रचली. एक चौकोन लाल आणि एक काळा. ते दुरून पृथ्वीवर येतात. तिथे सगळा गोंधळ असतो. ते त्या गोंधळावर आदळतात, सारे विखुरते आणि नवी रचना उभी राहते. हे पुस्तक १९२२ मध्ये बर्लिनला छापून झाले. मुलांनी ते नुसते वाचू नये, कागद, काड्या आणि ठोकळे घेऊन ती गोष्ट रचून पाहावी, अशी लिसित्स्की यांची इच्छा होती.

१९२१ च्या अखेरीस ते बर्लिनला गेले. तेथे त्यांनी मासिक काढले, प्रदर्शने मांडली आणि पुस्तकांची रचना केली. १९२३ मध्ये कवी मायाकोव्हस्की यांच्या कवितांचे पुस्तक त्यांनी सजवले. या कविता मोठ्याने वाचण्यासाठी होत्या. पत्त्यांच्या वहीला कडेला अक्षरांच्या खाचा असतात ना, तशाच खाचा त्यांनी या पुस्तकाला केल्या. खाचेवर बोट ठेवले की हवी ती कविता उघडे. त्यांच्या कामामुळे युरोपातील अनेक चित्रकारांची आणि मुद्रकांची दृष्टी बदलली.

याच सुमारास त्यांना क्षयरोग झाल्याचे कळले. १९२४ मध्ये उपचारांसाठी ते स्वित्झर्लंडमध्ये राहिले. तेथेही ते स्वस्थ बसले नाहीत. पेलिकन या शाई बनवणाऱ्या कंपनीसाठी जाहिराती तयार करून ते उपचारांचा खर्च भागवीत. १९२५ मध्ये ते मॉस्कोला परतले. १९२७ मध्ये त्यांनी जर्मन कलाअभ्यासक सोफी क्यूपर्स यांच्याशी विवाह केला. १९३० मध्ये त्यांना मुलगा झाला.

आता रशियातील हवा बदलत होती. स्टालिन यांची सत्ता घट्ट झाली. १९३२ मध्ये कलावंतांचे सर्व स्वतंत्र गट सरकारी हुकमाने बंद झाले. चौकोन आणि वर्तुळे नकोत, सरकारला हवी तशी चित्रे काढा, असा दंडक आला. ज्या क्रांतीसाठी आकार राबले, तिच्याच राज्यात त्या आकारांना जागा उरली नाही. लिसित्स्की यांनी मग एका मोठ्या सरकारी मासिकाच्या रचनेचे काम केले. ते रशियनबरोबर इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच या भाषांतही निघत असे. त्यात धरणे, कारखाने आणि हसरे कामगार यांची भव्य छायाचित्रे असत. पाने अतिशय देखणी होती. पण १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसे उपासमारीने मेली, ते त्या पानांवर आले नाही. ज्याला थोडक्यात सांगण्याची कला अवगत असते, त्याच्या हातून मोठे सत्यही वगळले जाऊ शकते. लिसित्स्की यांच्या आयुष्यातली ही दुखरी बाजू आहे. ती लपवून त्यांची थोरवी सांगणे बरोबर नाही.

जर्मनीतही त्यांच्या कलेची हीच गत झाली. हॅनोव्हरच्या संग्रहालयात त्यांनी नव्या चित्रांसाठी एक खास दालन उभारले होते. हिटलरच्या राजवटीत अशी कला हीन ठरवण्यात आली आणि ते दालन मोडून टाकण्यात आले.

जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला. थोड्याच दिवसांत वितेब्स्क जर्मनांच्या हाती गेले. ज्या शहरात लाझर चित्रे काढायला शिकला, तेथील हजारो ज्यू स्त्री-पुरुष आणि मुले त्या वर्षी ठार मारली गेली. मारणाऱ्यांच्या लेखी ती माणसे नव्हतीच, तो फक्त एक शिक्का होता. लिसित्स्की तेव्हा मॉस्कोत अंथरुणाला खिळले होते. तरीही त्यांनी आघाडीसाठी अधिक रणगाडे मागणारे एक भित्तिपत्रक तयार केले. ते त्यांच्या शेवटच्या कामांपैकी एक. ३० डिसेंबर १९४१ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे सोफी यांच्यावर कठीण प्रसंग आला. त्या जन्माने जर्मन होत्या. १९४४ मध्ये तेवढ्याच कारणाने सरकारने त्यांना दूर सायबेरियात नोव्होसिबिर्स्कला धाडले. ज्या देशासाठी त्यांचे पती शेवटपर्यंत राबले, त्या देशाला सोफी यांचा चेहरा दिसला नाही, फक्त शत्रूची खूण दिसली. सोफी यांनी धीर सोडला नाही. पतीची चित्रे आणि कागदपत्रे त्यांनी जिवापाड जपली. १९६७ मध्ये त्यांनी पतीच्या जीवनावर आणि कलेवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यामुळे लिसित्स्की यांचे काम जगापुढे पुन्हा आले. १९७८ मध्ये नोव्होसिबिर्स्क येथेच सोफी यांचे निधन झाले.

आज जगभरच्या कलाशाळांत लाल पाचरीचे ते चित्र दाखवले जाते. साधा त्रिकोण आणि साधे वर्तुळ यांतून केवढे बोलता येते, हे विद्यार्थी त्यातून शिकतात.

मुलांनो, पुढच्या निवडणुकीच्या वेळी ठाण्याच्या किंवा कल्याणच्या रस्त्यावरून जाताना फलक नीट पाहा. कोणता रंग वापरला आहे? रेषा उभ्या आहेत की तिरप्या? कोणता आकार मोठा आहे, कोणता लहान? हे ओळखलेत, तर तुम्ही फलक वाचायला शिकलात. मग आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा. या आकारात कोणाचे चेहरे झाकले गेले आहेत? त्याचे उत्तर फलकावर मिळणार नाही. ते माणसांमध्ये जाऊन शोधावे लागेल. दोन लिप्या वाचणाऱ्या तुम्हा मुलांना एकच गोष्ट दोन बाजूंनी पाहायची सवय आहेच. ती सवय मोडू देऊ नका.